नव्या स्टेनलेस हेडरवर रंग चढला, तर काळजी नेमकी कशाची करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीला ३०४ प्रतीच्या स्टेनलेसचा नवा, चकचकीत हेडर (सिलिंडरांतला जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) बसवला. आठवड्याभरात इंजिनाजवळचा भाग आधी सोनेरी आणि मग निळा-जांभळा झाला. तीन नळ्या सारख्या दिसतात, तिसऱ्या सिलिंडरची मात्र फिकट राहिली आहे. माल हलका निघाला का? इंजिन लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतंय का? हा रंग काढता येतो का, आणि पुन्हा येऊ नये म्हणून हीट रॅप (उष्णता अडवणारी पट्टी) गुंडाळावा का?

माल हलका नाही, रंग चढणारच होता. तुमच्या प्रश्नात लक्ष द्यावं अशी एकच गोष्ट आहे, आणि ती तुम्ही जाता जाता सांगितली आहे: एक नळी बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसते. निळ्या रंगापेक्षा मला त्या फिकट नळीची चौकशी जास्त करावीशी वाटते.

रंग येतो कसा, ते आधी पाहू, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. स्टेनलेस सहजी गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. ३०४ मध्ये ते साधारण १८ टक्के असतं, जोडीला ८ टक्क्यांच्या आसपास निकेल. हवेतल्या ऑक्सिजनमुळे पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा थर धरतो. हा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा आणि पारदर्शक असतो, म्हणून नवी नळी चांदीसारखी दिसते. नळी तापली की थर जाड होऊ लागतो. काही डझन नॅनोमीटरपर्यंत तो वाढला की थराच्या वरून परतणारा प्रकाश आणि खालच्या धातूवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात. त्यात काही रंग मारले जातात, काही उठून दिसतात. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात ते याच न्यायाने. म्हणजे तुमच्या नळीवर निळ्या रंगाचा असा कुठलाही पदार्थ बसलेला नाही. जो फरक दिसतो तो थराच्या जाडीचा.

३०४ उघड्या हवेत तापवलं तर साधारण २९० अंश सेल्सिअसला फिकट पिवळी झाक येते, ३४० च्या आसपास वाळल्या गवतासारखा पिवळा, ३७० ला गडद पिवळा, ३९० ला तपकिरी, ४२० ला जांभळट तपकिरी, ४५० ला गडद जांभळा, ५४० ला निळा आणि ६०० ला गडद निळा. पूर्ण लोडवर पेट्रोल इंजिनाच्या पोर्टमधून, म्हणजे एक्झॉस्टच्या तोंडातून, बाहेर पडणारा वायू ८०० ते ९०० अंशांच्या घरात असतो. नळीचा बाहेरचा पृष्ठभाग त्याहून बराच थंड राहतो, तरी पोर्टजवळ निळ्यापर्यंत मजल जायला काहीच अडचण नाही. सोनेरी झाक तर पहिल्या स्टार्टलाच दिसते. आजकालच्या बऱ्याच गाड्यांमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) लवकर तापावा म्हणून थंड इंजिन सुरू होताना ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्वतःच ठिणगी उशिरा देतो, त्यामुळे एक्झॉस्ट जास्त तापतो. ती सगळी उष्णता आधी हेडरमधूनच जाते.

इथे एक घोळ नेहमी होतो. लोक साध्या पोलादाच्या टेम्परिंगचा तक्ता काढतात, त्यात निळा रंग ३०० अंशांच्या आसपास दिलेला असतो, आणि तो आकडा स्टेनलेसला लावून मोकळे होतात. साध्या पोलादावर ऑक्साइड भराभर वाढतो, स्टेनलेसवर क्रोमियम त्याला रोखून धरतं. त्यामुळे तोच निळा रंग इथे दोनशे-अडीचशे अंश वर सापडतो. आणि वर दिलेला तक्तासुद्धा थर्मामीटर म्हणून वापरू नका. थराची जाडी तापमानाबरोबर वेळेवरही ठरते. ४०० अंशांवर थोडा वेळ राहिलेली नळी आणि तेवढ्याच तापमानावर शेकडो तास चाललेली नळी एका रंगाची दिसणार नाही. शिवाय थर वाढतच जातो, मागे फिरत नाही. म्हणून आज दिसतो तो रंग आजवरच्या सगळ्या तापण्याचा जमाखर्च आहे, आत्ताचं तापमान नव्हे. सुरुवातीला वाढ झपाट्याने होते, नंतर मंदावते. पहिल्या काही दिवसांत रोज नवा रंग दिसतो आणि मग महिनोन्महिने फारसं काही बदलत नाही, ते त्यामुळेच.

आता हेडरजवळ जाऊन नीट बघा. फ्लँजपासून (हेडर इंजिनाला बोल्टने जोडतात त्या पट्टीपासून) दूर, जिथे नळी अजून चांदीसारखी आहे तिथून सुरुवात करा आणि इंजिनाकडे या. आधी पिवळसर झाक लागेल, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. बहुतेक हेडरवर हे पट्टे सरळ कापलेले नसतात. पहिल्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला ते पुढे ओढल्यासारखे दिसतात, कारण पोर्टमधून सुटलेला वायू तिथेच आदळतो. निळ्याच्याही पुढे, अगदी फ्लँजला लागून, कधी कधी पुन्हा फिकट रुपेरी-निळसर किंवा राखाडी पट्टा असतो. तो भाग थंड आहे असं समजू नका. थर इतका जाड झाला आहे की रंगांचं पहिलं आवर्तन संपून गेलं. म्हणूनच नळीचा एखादा तुकडा पाहून ‘फिकट आहे, म्हणजे थंड आहे’ असं म्हणता येत नाही. रंगांचा क्रम थंड टोकाकडून वाचावा लागतो.

याच कारणाने मी नळ्यांची तुलना रंगावरून करत नाही, पिवळ्या झाकेच्या किनारीवरून करतो. चारही नळ्यांवर ही किनार फ्लँजपासून किती अंतरावर आहे ते टेपने मोजा, नळीच्या मध्यरेषेवरून, वळण असेल तर टेप वळवून. दोन-चार सेंटीमीटरचा फरक असेल तर सोडून द्या. नळ्यांची लांबी आणि वळणं वेगळी असतात, रेडिएटरच्या फॅनचा झोत एखाद्या नळीवर जास्त येतो, बाजूला हीट शील्ड असते. पण तीन नळ्यांवर किनार वीतभर लांब गेली आहे आणि तिसरीवर फ्लँजजवळच थांबली आहे, असं असेल तर तो सिलिंडर कमी काम करतो आहे असं धरून तपासायला लागा. उलटा प्रकारही होतो: एकाच नळीवर किनार बाकीच्यांच्या खूप पुढे गेलेली. त्याची कारणं वेगळी, ती पुढे सांगतो.

फिकट नळीसाठी आधी स्वस्त तपासण्या करा. चारही प्लग काढून ओळीने मांडा. तिसऱ्याचं टोक ओलं किंवा काळं असेल तर मिसफायर (सिलिंडर नीट न पेटणं) जवळजवळ पक्का. कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बदलून बघा. दोष कॉइलबरोबर सरकला तर काम संपलं. नाही सरकला तर इंजेक्टरची तशीच अदलाबदल, आणि त्यातूनही काही निघालं नाही तर कॉम्प्रेशन टेस्ट. गाडी पूर्ण थंड असताना सुरू करून अर्ध्या मिनिटात प्रत्येक नळीवर पोर्टजवळ पाण्याचा एकेक थेंब टाकण्याची जुनी युक्तीही चालते. जिथे थेंब चरचरत नाही, तो सिलिंडर झोपलेला. हे फक्त सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटातच करा, तापलेल्या हेडरवर पाणी मारू नका.

इन्फ्रारेड थर्मामीटर हातात असेल तर जपून. हे यंत्र पृष्ठभाग किती उष्णता फेकतो त्यावरून तापमान ठरवतं. चकचकीत स्टेनलेस फारच कमी उष्णता फेकतं, ऑक्साइड चढलेलं त्याहून कितीतरी जास्त. परिणामी चकचकीत नळी खऱ्यापेक्षा खूपच थंड दाखवली जाते, आणि दोन नळ्या एकाच तापमानाला असल्या तरी जिच्यावर थर जाड तीच गरम ठरते. म्हणजे जो फरक तपासायचा, त्यानेच यंत्र फसतं. उपाय साधा आहे. चारही नळ्यांवर फ्लँजपासून सारख्याच अंतरावर उच्च तापमानाच्या मॅट काळ्या रंगाचा नाण्याएवढा ठिपका द्या, वाळू द्या, आणि रीडिंग फक्त त्या ठिपक्यांवर घ्या. यानंतर आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यासारखे होतात.

आता लीनबद्दल. ‘निळा हेडर म्हणजे लीन इंजिन’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की खोडून काढायचाही कंटाळा येतो, पण ते अर्धवट खरं आहे. पेट्रोलचं आदर्श प्रमाण एका भागाला १४.७ भाग हवा. एक्झॉस्टचं तापमान या प्रमाणाच्या आसपास, किंचित लीन बाजूला, सर्वांत जास्त असतं. तिथून रिच (पेट्रोल जास्त) केलं तर तापमान उतरतं, आणि आणखी लीन केलं तरीही उतरतं. पूर्ण लोडवर इंजिन सहसा १२.५ ते १३ च्या आसपास ठेवतात. तिथे ते १४ च्या वर सरकलं तर एक्झॉस्ट तापेल हे खरं, आणि ते धोक्याचंही आहे. पण सरळ रस्त्यावर एका वेगाने जाताना ऑक्सिजन सेन्सर गाडीला मुद्दाम १४.७ वरच धरून ठेवतो. तेव्हा निळा रंग बघून मिक्स्चरचा निकाल देऊ नका, वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) लावून मोजा.

माझ्या मते मिक्स्चरपेक्षा टायमिंग जास्त वेळा गुन्हेगार निघतं. ठिणगी उशिरा पडली की ज्वलन उशिरा संपतं. पिस्टनला ढकलण्यात जी उष्णता खर्च व्हायची ती तशीच एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर येते. नव्याने बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना टायमिंग अंदाजाने ठेवून बराच वेळ चालवलं आणि हेडर लाल झाला, हे दृश्य गॅरेजमध्ये नवं नाही. चारही नळ्यांवर किनार एकसारखी पण नेहमीपेक्षा फार लांब गेली असेल, तर आधी टायमिंग बघा. दुसरा संशयित म्हणजे तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. वायू कोंडला की उष्णता हेडरमध्येच मुक्काम करते, आणि गाडी चढावर दम टाकते.

एकाच नळीवर जास्त रंग असेल तर त्या सिलिंडरचं इंजेक्टर अर्धवट चोंदलेलं असू शकतं, किंवा इनटेकची गळती त्याच्याच रनरवर (हवा आत नेणाऱ्या नळीवर) असू शकते. एक्झॉस्ट गॅस्केटची गळती वेगळाच खेळ करते. नवा हेडर बसवल्यावर ती हमखास तपासावी. थंड इंजिन सुरू केल्यावर फ्लँजपाशी टिकटिक ऐकू येते, तापल्यावर धातू फुगून ती बंद होते. गॅस्केटच्या कडेला काजळीची रेघ उमटते. वायूच्या ठोक्यांमध्ये क्षणभर दाब हवेच्या दाबाखाली जातो, तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या ऑक्सिजनवर उरलंसुरलं इंधन नळीतच जळतं. शिवाय ऑक्सिजन सेन्सरला मिक्स्चर लीन वाटतं आणि ईसीयू पेट्रोल वाढवत जातो. मालक म्हणतो ‘गाडी लीन दाखवते’, आणि गाडी प्रत्यक्षात रिच चालत असते.

घाबरावं अशा खुणा मोजक्या आहेत. पृष्ठभागावरून राखाडी-काळे पापुद्रे सुटणं. हवेत गार-गरम होत राहणाऱ्या वापराला ३०४ साधारण ८७० अंशांपर्यंत टिकतं, त्यापुढे थर धातूपासून सुटू लागतो आणि नळी आतून-बाहेरून झिजते. दुसरी खूण, आयडलला दिवसाउजेडी दिसणारी लाली. अंधारात मंद लाल छटा ५०० अंशांच्या थोडं पुढे दिसायला लागते, पण उजेडात दिसते म्हणजे तापमान खूपच वर आहे. तिसरी, वेल्डच्या कडेला केसासारखी रेघ. ३०४ तापल्यावर बरंच फुगतं: अर्ध्या मीटरची नळी ५०० अंशांनी तापली तर सुमारे साडेचार मिलिमीटर लांब होते. सगळ्या नळ्या सारख्या तापल्या तर हेडर एकसंध सरकतो, एक थंड आणि तीन गरम असतील तर ओढाताण कलेक्टरच्या (नळ्या एकत्र येतात त्या भागाच्या) वेल्डवर येते. फिकट नळी दुरुस्त करण्याचं हेही एक कारण आहे. आणि रंग जिथे गडद आहे तिथे आजूबाजूला वायरिंग, ब्रेकची नळी, स्टीअरिंगचं रबरी बूट किती जवळ आहे तेही एकदा बघून घ्या.

रंग काढता येतो का? येतो. इंजिन पूर्ण थंड हवं. सोनेरी आणि तपकिरी भागाला चांगली मेटल पॉलिश आणि सुती कापड पुरतं. निळ्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिड असलेली स्टेनलेस क्लीनरची पावडर पाण्यात कालवून लेप करा, नायलॉनच्या चोथ्याने घासा, हातमोजे घाला. घासताना मजा दिसते. निळा लगेच चांदी होत नाही, आधी जांभळा, मग तपकिरी, मग पिवळा होत परततो, कारण थर पातळ होत ज्या वाटेने आला त्याच वाटेने मागे जातो. मधेच थांबलात तर डाग पडल्यासारखं दिसतं, म्हणून एक नळी हाती घेतली की शेवटपर्यंत न्या. मग भरपूर पाण्याने धुवा, कोरडं करा.

काही गोष्टी अजिबात नकोत. साध्या लोखंडी तारेचा चोथा वापरू नका. त्याचे कण पृष्ठभागात रुततात आणि चार दिवसांत तांबूस ठिपके पडतात, मग लोक म्हणतात स्टेनलेस गंजलं. हायड्रोक्लोरिक ॲसिडचे बाथरूम क्लीनर नकोत, क्लोराइड हा स्टेनलेसचा जुना वैरी आहे. वेल्डिंगवाले वापरतात ती पिकलिंग पेस्ट घरी आणू नका. तिच्यात हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असतं, ते कातडीतून आत जातं आणि वेदना उशिरा सुरू होतात.

पण खरं सांगायचं तर मी स्वतः ही घासाघीस टाळतो. पुढच्या फेरीत सोनेरी परत येणार, काही दिवसांत निळा. प्रदर्शनात गाडी मांडायची असेल तर ठीक. मात्र एका कामासाठी पॉलिश फार उपयोगी पडते: तिसऱ्या सिलिंडरची दुरुस्ती झाली की चारही नळ्यांवर फ्लँजपासून खाली बोटभर रुंदीचा सरळ पट्टा चकचकीत करून घ्या. आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा आणि पिवळी किनार पुन्हा मोजा. जुन्या थरावर नवीन काही वाचता येत नाही, कोऱ्या पट्ट्यावर येतं.

हेडर पुन्हा लावाल तेव्हा सुरू करण्याआधी तो आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ॲसिटोनने पुसा, पूर्ण उडून जाऊ द्या, आणि त्यानंतर उघड्या हाताने धरू नका. बोटांचं तेल पहिल्या तापण्यात भाजून निघतं आणि ठशाच्या रेषांसकट तपकिरी डाग राहतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर यासाठी वापरू नका. त्याचे अवशेष तापले तर फॉस्जीनसारखा विषारी वायू होऊ शकतो.

रॅपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रंग लपवायला रॅप लावू नका. रॅप उष्णता आत कोंडतो, म्हणजे नळीचा धातू वायूच्या तापमानाच्या आणखी जवळ जातो. रंग दिसेनासा होतो, ऑक्साइड मात्र जास्त वाढतो. पावसात तो ओलावा धरून ठेवतो, रस्त्यावरचे क्षार त्यात साठतात. ३०४ नेमकं ४२५ ते ८६० अंशांच्या पट्ट्यात बराच वेळ राहिलं की त्यातलं कार्बन क्रोमियमला पकडून कणांच्या सीमांवर बसतं. सीमांलगतचं क्रोमियम कमी होतं आणि ओलावा तिथूनच शिरकाव करतो. बरेच हेडर बनवणारे रॅप लावल्यास वॉरंटी देत नाहीत, त्यात काही कावा नाही. बॉनेटखालची उष्णता कमी करायची असेल तर हवेची पोकळी ठेवून हीट शील्ड बसवा. आणि रूप टिकवायचंच असेल तर आतून-बाहेरून सिरॅमिक कोटिंग. ते हेडर नवा असतानाच करून घेणं सोपं, आता ब्लास्टिंग करून थर उतरवावा लागेल.

राहिला मालाचा संशय. चुंबक लावून बघा. ३०४ ला तो चिकटत नाही. वाकवलेल्या जागी किंचित ओढ जाणवली तर चालते, थंड वाकवल्यामुळे तसं होतं. सगळीकडे घट्ट चिकटला तर नळी बहुधा ४०९ ची आहे. त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास असतं. कंपनीच्या एक्झॉस्टमध्ये ते सर्रास वापरतात आणि ते वाईट नाही, पण ३०४ च्या नावाने विकलं असेल तर दुकानदाराशी बोला. टर्बो बसवायचा विचार असेल तर ३२१ घ्या. त्यातलं टायटेनियम कार्बनला आधीच बांधून ठेवतं, त्यामुळे वर सांगितलेली क्रोमियमची चोरी होत नाही. रंग मात्र तिन्हींवर चढतो.

आणि काहीही दुरुस्त करण्याआधी, उद्या सकाळी गाडी पूर्ण थंड असताना, फ्लँजचे नट मधून बाहेरच्या दिशेने पुन्हा टॉर्कला घ्या. नव्या हेडरचे नट पहिल्या काही तापण्यांत सैल पडतात, आणि टिकटिक असलीच तर निम्म्या वेळा ती तिथेच थांबते.